घरात कॉम्प्युटर नाही, तरी अकरावीला कॉम्प्युटर सायन्स घेऊ का?

पत्रात काय आहे ते थोडक्यात: पत्र लिहिणारी मुलगी देवगड तालुक्यातल्या एका गावातली आहे. यंदा दहावी झाली, ९१ टक्के पडले. बाबांची हापूसची कलमं आहेत, थोडी घरची, थोडी कराराने घेतलेली. तिला सायन्सला जाऊन कॉम्प्युटर सायन्स घ्यायचंय. घरी कॉम्प्युटर नाही, एकच स्मार्टफोन आहे आणि तो दिवसभर बाबांच्या खिशात असतो. ९ किलोमीटरवरच्या कॉलेजात हा विषय नाही, तिथे बायोलॉजी आणि आयटी आहे, कॉम्प्युटर सायन्स मिळतं ते ३१ किलोमीटरवरच्या कॉलेजात. मुंबईचे काका म्हणतात बायो सोडू नको, दोन्ही बाजू हातात राहतात, आणि कोडिंग काय आता एआयच करतं. क्लासचे सर म्हणतात घे, स्कोअरिंग आहे. बाबांच्या मनात तिने दापोलीला ॲग्री करावं असं आहे. आणि तिचा स्वतःचा प्रश्न असा: "शहरातली मुलं लहानपणापासून कॉम्प्युटरवर बसतात, मी शाळेत माउस चार वेळा धरला असेल. मी मागे पडणारच असेन तर आधीच नको का घेऊ?"

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्या वेळी एका ओळीवर थांबले, ती वरच्या सारांशात मी मुद्दाम घेतली नाही. तू जाता जाता लिहिलंयस की सीझनला पेट्यांचा हिशोब तूच ठेवतेस, आणि मागच्या वर्षी दलालाकडून आलेल्या पट्टीत, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाच्या कागदात, तीन पेट्या कमी लागल्या होत्या, बाबांच्या लक्षात आलं नव्हतं, तू वहीशी एकेक तारीख ताडून कुठल्या गाडीच्या त्या ते काढलंस. तू हे फक्त घरच्या परिस्थितीची माहिती म्हणून लिहिलंस, पण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

मी बावीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात हाच विषय शिकवला, सगळी वर्षं कोकणातच. माझ्या वर्गात घरी कॉम्प्युटर असलेली मुलं असायची आणि नसलेली पण. पहिले दोन महिने फरक दिसतो, टायपिंग हळू होतं, फाइल सेव्ह कुठे झाली ते सापडत नाही, आणि दिवाळीपर्यंत तो फरक गेलेला असतो. शहरातली मुलं लहानपणापासून कॉम्प्युटरवर बसतात म्हणतेस, पण बसून काय करतात? गेम खेळतात, व्हिडिओ बघतात, शाळेचं पीपीटी करतात. त्यात कॉम्प्युटर सायन्स काही नाही. एमएस-सीआयटीमध्येपण नाही, तो कोर्स वापर शिकवणारा आहे, चांगला आहे, पण वेगळा आहे. या विषयात टिकतात ती मुलं म्हणजे उत्तर चुकलं की चिडून वही मिटत नाहीत, कुठल्या ओळीला चुकलं ते शोधत बसतात. तू पट्टी घेऊन बसलीस तशी.

आता तुला एक काम देते, आजच कर, वही-पेन्सिल पुरे. समज पाच पट्ट्या आल्यात, भाडं, हमाली, दलाली वजा जाऊन हातात आलेली रक्कम अशी: ४२००, ३१००, ५६५०, २९००, ५०००. सगळ्यात मोठी कुठली ते तू बघून सांगशील, पण मशीनला बघता येत नाही, त्याला एका वेळी एकच पट्टी दिसते. म्हणून वहीत एक चौकोन काढ, त्याला नाव दे "मोठी", आत ० लिही. आता पहिली पट्टी उचल, ती चौकोनातल्यापेक्षा जास्त आहे का, आहे, मग ० खोड आणि ४२०० लिही. दुसरी, ३१००, नाही, सोड. तिसरी ५६५०, आहे, बदल. शेवटपर्यंत गेलीस की चौकोनात ५६५० राहतं. याला आम्ही ड्राय रन म्हणतो, प्रोग्राम मशीनवर न चालवता हाताने चालवून बघायचा.

आता दुसरं वर्ष घे, भाव पडले, मार्केटला माल पाठवून उलट खिशातून गेले. पट्ट्या अशा: उणे ३००, उणे १२०, उणे ४५०. तेच परत कर, ओळ न ओळ तशीच. चौकोनात शेवटी काय राहिलं? ०. पण शून्याची पट्टी तर आलीच नव्हती! तर मग चूक कुठल्या ओळीत आहे, आणि ती कशी सुधारशील? (उत्तर मी सांगते, पण आधी स्वतः बस: चौकोनात सुरुवातीला ० लिहायचं नाही, पहिल्या पट्टीचीच रक्कम लिहायची. मग उणे ३००, त्यापेक्षा उणे १२० मोठी, आणि ते बरोबर आहे, सगळ्यात कमी तोटा तिथे झाला.)

हे करताना तुला काय वाटलं ते नीट बघ. "अरेच्चा" वाटलं आणि आणखी एक करावंसं वाटलं तर तो विषय तुझा आहे. आणि कंटाळा आला, हे कशाला एवढं किचकट असं वाटलं, तर तेही खरंच मान, कारण दोन वर्षं हेच आहे, रूप बदलून.

हे काही मी तुझी समजूत काढायला म्हणत नाही गं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस लाइट नव्हती, त्यात लॉकडाऊन, कॉलेज बंद. आमच्या वाडीतल्या दोघी मुली, बारावीला गेलेल्या, माझ्या पडवीत यायच्या. शिकवायचं तर कशावर, फोनसुद्धा बंद पडलेले. वादळात पडलेल्या नारळांचा ढीग समोरच होता, त्यातले सात घेतले, लहानमोठे, आणि ओळीत मांडले. नियम एकच, शेजारचे दोन उचलायचे, डावा मोठा असला तर अदलाबदल. एक फेरी झाली की सगळ्यात मोठा आपोआप उजव्या टोकाला जातो. मग पुढची फेरी, टोकाचा सोडून. एकीने नारळ हलवले, दुसरीने वहीत किती वेळा तुलना केली ते मोजलं: ६, ५, ४, ३, २, १, म्हणजे २१. मग तिनेच विचारलं की मॅडम, चौदा नारळ असते तर दुप्पट झालं असतं का? करून बघ म्हटलं. ९१ आलं, दुप्पट कुठलं, चौपटीच्याही वर. ती तशीच बघत राहिली वहीकडे. या अदलाबदलीच्या पद्धतीला बबल सॉर्ट म्हणतात, ती बारावीच्या पुस्तकात आहे, पण माल दुप्पट झाला की काम चौपट का होतं हे एवढं स्वच्छ मला वर्गात फळ्यावर कधी शिकवता आलं नव्हतं.

बरं, आता तुला तिघांनी जे सांगितलंय त्याकडे येऊ, कारण तिघंही तुझ्या भल्याचंच बोलतायत पण तिघांच्याही बोलण्यात थोडी थोडी गफलत आहे.

सर म्हणतात स्कोअरिंग. खरं आहे. कॉम्प्युटर सायन्स हा बायफोकल विषय, फॉर्मवर "द्विलक्षी" लिहिलेलं असतं ते हेच. २०० मार्कांचा, दोन पेपर, दोन्हीला ५० लेखी आणि ५० प्रॅक्टिकल. तो घेतला की दुसरी भाषा जाते आणि बायोसारखा एक विषय जातो, म्हणजे बारावीच्या ६०० पैकी २०० मार्क या एकाच विषयाचे. टक्केवारी वाढते यात शंका नाही. पण इंजिनिअरिंगची मेरिट सीईटीवर लागते, तिथे मॅथ्स १०० मार्क, फिजिक्स ५०, केमिस्ट्री ५०, कॉम्प्युटर सायन्सचा एक मार्क नाही. बारावीचे पीसीएमचे, म्हणजे याच तीन विषयांचे, टक्के पात्रतेपुरते, खुल्या गटाला ४५, मागास प्रवर्गाला ४०. म्हणून मार्कांसाठी घेतलेला हा विषय नंतर कामाला येत नाही, आणि उलट असं होतं की मुलं याच्या जर्नलात रमतात आणि मॅथ्स मागे राहतं. तू मॅथ्स सोडू नको काही झालं तरी. आणि हेपण ऐकून ठेव की कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जायला अकरावी-बारावीला कॉम्प्युटर सायन्स लागतंच असं अजिबात नाही, कित्येक मुलं पहिला प्रोग्राम तिकडे जाऊनच लिहितात.

काकांचं बायोचं म्हणणं. इथे मी तुला सरळ विचारते, तुला डॉक्टर व्हायचंय का? नर्सिंग, बीएएमएस असं काही मनात येतं का, अगदी थोडंसं तरी? येत असेल तर बायो सोडू नको, नीटला बायो लागतं, आणि मग नंतर हळहळ नको. पण तुझ्या अख्ख्या पत्रात बायोबद्दल फक्त काकांचं वाक्य आहे, तुझं एकही नाही. दोन्ही बाजू हातात ठेवायच्या म्हणून पीसीएमबी, म्हणजे मॅथ्स आणि बायो दोन्ही, घेतलेली खूप मुलं मी पाहिली, दोन्ही सीईटी, नीट, क्लास, आणि बारावीच्या जानेवारीत पार थकून गेलेली. आवड नसताना ठेवलेली बाजू दोन वर्षं रोज अभ्यास मागते, हे काकांना सांग.

बाबांना मात्र एक चांगली बातमी दे. दापोलीच्या कृषी विद्यापीठात बीएस्सी ॲग्रीसाठी पीसीएमच्या सीईटीवरपण अर्ज करता येतो, बायो नसलं म्हणून ती वाट बंद होत नाही. बाबांना वाटत असेल की मुलगी कॉम्प्युटर घेतेय म्हणजे बागेकडे पाठ फिरवतेय, तर तसं काही नाही, आणि ज्या मुलीने वहीवरून तीन पेट्या शोधून काढल्या तिला बागेचं किती कळतं हे त्यांना माहीत आहेच.

आता एआय. काका म्हणतात कोडिंग आता तेच करतं. करतं, खरंच करतं, मीपण वापरते. वर जो पट्ट्यांचा प्रोग्राम केलास तो त्याला सांगितला तर दोन सेकंदात लिहून देईल. पण मागच्या वर्षी दलालाची पट्टीपण छापील आली होती ना, बेरीज-वजाबाकी सगळी मशीनने केलेली? तीन पेट्या कमी लागल्यात हे ज्याला वहीशी ताडता आलं त्यालाच कळलं. लिहून आलेलं तपासता यायचं तर आधी ते स्वतः कधीतरी चुकत चुकत लिहिलेलं असावं लागतं. यापलीकडे दहा वर्षांनी नोकऱ्यांचं काय होईल यावर तुझ्याशी मी भविष्य बोलणार नाही, अकरावीचा विषय निवडताना त्याची गरजही नाही.

पुस्तकात काय असतं ते सांगते म्हणजे नंतर हिरमोड नको. बारावीच्या पहिल्या पेपरात ऑपरेटिंग सिस्टीम, डेटा स्ट्रक्चर (माहिती मांडून ठेवायच्या पद्धती), सी प्लस प्लस ही प्रोग्रामिंगची भाषा, आणि वेबपेज बनवायचं एचटीएमएल. दुसऱ्या पेपरात ८०८५ मायक्रोप्रोसेसर, थोडं त्याच्या पुढच्या चिप्सबद्दल, ८०५१ मायक्रोकंट्रोलर आणि नेटवर्किंग. मुलं विचारतात, मॅडम, ही ८०८५ तर १९७६ सालची चिप, आता कोण वापरतं? मी म्हणायचे, म्हणूनच. तुझ्या बाबांच्या फोनमधली चिप कोणालाच अख्खी समजून घेता येणार नाही, ही येते. तिला मेमरीच्या ६५,५३६ जागा माहीत असतात, हातात मोजके रजिस्टर (संख्या तात्पुरती धरायच्या जागा), एक संख्या इथून उचल, तिथे ठेव, मिळव. सगळं एका कागदावर मावतं. नवीन शैक्षणिक धोरणामुळे पुस्तकं बदलायच्या गोष्टी चालू आहेत, तेव्हा कॉलेजात जाशील तेव्हा चालू वर्षाचं पुस्तक हातात घेऊन अनुक्रमणिका बघ.

आणि कॉलेजात जायचंच आहे तुला, फॉर्म भरायच्या आधी, हे मी सगळ्यात कळकळीने सांगतेय. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले, त्यामुळे मुलं कॉलेज न बघताच पसंतीक्रम टाकतात. तू तसं करू नको. मी एका कॉलेजात काही वर्षं होते, नाव राहू दे, तिथे लॅबमध्ये बारा मशीन होती आणि चालू पाच. एका मशीनवर चार-पाच मुलं, त्यातला एक टाइप करायचा, बाकीचे मागे उभे. प्रोग्राम चालला की सगळे जर्नलात उतरवून घ्यायचे. नंतर नंतर तर चालवणंही बंद झालं, मागच्या वर्षीच्या जर्नलातून प्रोग्राम उतरवायचा आणि खाली आउटपुट पेन्सिलने लिहायचं, जे स्क्रीनवर कोणी पाहिलेलंच नाही. मी सह्या करत गेले. त्यातल्या एका मुलाचा, प्रॅक्टिकलला पूर्ण मार्क मिळालेला मुलगा, इंजिनिअरिंगला गेल्यावर फोन आला की मॅडम, इथे लूप, म्हणजे तेच काम परत परत करून घेणारा प्रोग्रामचा तुकडा, लिहायला सांगितला आणि मला येईना. दुसरं असं की आमच्याकडे जुनं टर्बो सी प्लस प्लस होतं, त्यात शिकलेला प्रोग्राम त्याने नव्या मशीनवर जसाच्या तसा टाइप केला तर पहिल्याच ओळीला एरर, कारण आमच्या पद्धतीने फाइलच्या नावापुढे डॉट एच लावायचं कधीच मागे पडलं होतं. त्याला वाटलं आपल्याला काहीच येत नाही. ते मला अजून लागतं, आणि म्हणून तुला सांगतेय की कॉलेजचं नाव बघू नको, लॅब बघ.

सरांना विचारू नको, बारावीच्या मुलींना गाठ. शेवटचा प्रोग्राम तू स्वतः टाइप केलास का, कधी? एका मशीनवर किती जणी? पावसात लाइट गेली तर लॅबला इन्व्हर्टर आहे का? फी किती घेतली, कारण या विषयाची वेगळी फी बऱ्याच ठिकाणी असते. आणि प्रॅक्टिकल किती वाजता सुटतं? हे शेवटचं तुझ्या बाबतीत सगळ्यात मोठं. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास फुकट आहे, पैशांचा प्रश्न नाही, पण प्रॅक्टिकल पाचला संपणार आणि तुमच्याकडची वस्तीची गाडी साडेचारला निघणार असेल तर तू दर आठवड्याला अर्धं प्रॅक्टिकल सोडून पळशील, आणि जुलै-ऑगस्टात घाटी-ओढ्यातून अंधारात उतरून घरी चालत जायचं तेही आलं. एकदा पावसाच्या दिवसात जाऊन येऊन बघ, आईला घेऊन जा.

मग माझं मत विचारशील तर असं आहे. मुली स्वतः टाइप करतात आणि गाडीचा मेळ बसतो, तर ३१ किलोमीटर जा आणि कॉम्प्युटर सायन्स घे. लॅब नुसती दाखवायची असेल किंवा गाडी बसत नसेल, तर जवळच्या कॉलेजात पीसीएमबरोबर आयटी घे. आयटी कमी दर्जाचं आहे असं कोणी म्हणालं तर ऐकू नको. १०० मार्कांचा विषय, दुसऱ्या भाषेच्या जागी, ८० मार्कांची परीक्षा कॉम्प्युटरवरच आणि २० प्रॅक्टिकलचे. त्यात एचटीएमएल, जावास्क्रिप्ट, पीएचपी, डेटाबेस असं आहे, म्हणजे स्वतःचं काहीतरी करून स्क्रीनवर बघता येतं. डेटा स्ट्रक्चर आणि आतल्या चिपचं ज्ञान तिथे फारसं मिळणार नाही, ते स्वतः करावं लागेल, पण रोजचे अडीच तास वाचतील आणि ते मॅथ्सला दे. (डिप्लोमाचा रस्तापण आहे, दहावीनंतर तीन वर्षं आणि मग इंजिनिअरिंगला डायरेक्ट सेकंड इयर, रत्नागिरी आणि मालवणला सरकारी पॉलिटेक्निक आहे. पण तू त्याबद्दल विचारलं नाहीस आणि हॉस्टेलला राहायची तुझी तयारी आहे का तेही मला माहीत नाही, म्हणून एवढंच.)

ज्या मुलींना हा विषय कॉलेजात मिळणारच नाही त्यांनीही हे वाचावं. रात्री बाबांचा फोन तासभर मिळत असेल तर पायड्रॉइड नावाचं ॲप टाकून घे, एकदा डाउनलोड झालं की नेटशिवाय पायथॉन (ही पण प्रोग्रामिंगची भाषाच) चालतं, म्हणजे रेंज गेली तरी अडत नाही. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल फुकट आहेत, सी प्लस प्लस, पायथॉन मराठीतून ऐकता येतं, आपल्या आपण शिकण्यासाठीच बनवलेले आहेत. आणि एक गोष्ट फार कमी शाळांना माहीत आहे, झोनल इन्फॉर्मॅटिक्स ऑलिम्पियाड, देशपातळीवरची कॉम्प्युटरची ऑलिम्पियाड जिथून सुरू होते ती पहिली परीक्षा, त्यातले प्रश्न कागद-पेन्सिलने सोडवता येतात, प्रोग्रामिंग यायची अट नाही. जुने पेपर नेटवर फुकट मिळतात. सायबर कॅफेत जाऊन एक पेपर प्रिंट काढून आण, इंग्रजी कठीण वाटलं तर शाळेच्या सरांकडून एकदा वाचून घे, आणि एका रविवारी त्यातला फक्त पहिला प्रश्न घेऊन बस. दोन तास गेले तरी चालेल.

काकांना फोन बाबांना करू देऊ नको, तू कर. मला डॉक्टर व्हायचं नाही एवढं आधी सांग, मग लॅब बघून आले, गाडीच्या वेळा बघितल्या, हे सांग. मुंबईतल्या माणसाला गावची गाडी साडेचारला सुटते हे आठवत नाही, पण सांगितलं की लगेच पटतं, तेपण इथूनच गेलेत.

आणि त्या उणे पट्ट्यांचं उत्तर तुला माझं न वाचता आलं असेल तर वहीच्या त्या पानाचा फोटो पाठव. खोडलेलं असलं तर खोडलेलंच पाठव, परत सुवाच्य करून लिहू नको.